‘नवी अन्ननलिका बसवतील’ एवढंच मला सांगितलं होतं

ऑपरेशन चांगलं झालं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लगेच कोणीतरी म्हणेल, ज्यांनी जीव वाचवला त्यांच्यावरच उलटली. गाठ गेली. मी जेवते, घरात वावरते, पर्यटकांची ताटं पुन्हा वाढायला लागले आहे. माझी तक्रार ऑपरेशनाबद्दल नाही. माझ्या गळ्याचं काय करणार आहेत, हे मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं, ही तक्रार आहे.

भाकरी घशात अडकायला लागली तेव्हापासूनचा पाढा वाचत नाही. तो सगळ्यांचा सारखाच असतो. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या, मग ‘मनाचं आहे’, मग देवाचा अंगारा, आणि शेवटी कोणीतरी दुर्बीण लिहून देतं. मला आठवतो तो प्रत्येक डॉक्टरचा पहिला प्रश्न. मशेरी? नाही. तंबाखू? नाही. पान? नाही. ‘आठवून सांगा, काकी.’ जन्मात न लावलेली मशेरी कुठून आठवणार? आणि जे कागदावर लिहिलेलं होतं तिकडे कोणी बघितलं नाही. बाळंतपणापासून माझं रक्त कमी. उपकेंद्रातल्या लोहाच्या गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की सोडायच्या, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. बाईच्या अंगात वर्षानुवर्षं लोह कमी राहिलं, तर घसा संपून अन्ननलिका सुरू होते त्या तोंडाशी पातळ पडदा धरू शकतो, घास अडकायला लागतो, आणि त्यातल्या काही जणींना पुढे तिथेच कॅन्सर होतो. पॅटरसन आणि ब्राऊन केली या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९१९ मध्ये या दुखण्याची नोंद केली. प्लमर-विन्सन या नावानं ते डॉक्टरकीच्या पुस्तकांत आहे. शंभर वर्षांपूर्वीचं ज्ञान माझ्या गोळ्यांच्या चिठ्ठीपर्यंत काही पोचलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट बायकांना सांगते. रक्त कमी आहे आणि सुका घास पाण्याशिवाय उतरत नाही, असं दोन-तीन आठवडे चाललं तर ॲसिडिटीची बाटली आणू नका. दुर्बीण करून मागा. डॉक्टर नाही म्हणाले तर दुसऱ्याकडे जा.

शहरातल्या ज्या हॉस्पिटलात मला नेलं त्याचं नाव घेत नाही. तिथे मोठे डॉक्टर खाटेपाशी येत, रिपोर्ट बघत आणि बोलायला आमच्या ह्यांना आणि भावोजींना पॅसेजमध्ये नेत. काचेतून मला ह्यांची पाठ दिसायची. आत आले की म्हणायचे, ‘अन्ननलिकेचा वरचा भाग काढतले आणि नवी अन्ननलिका बसवतले.’ एवढंच. मोटरीचा पाइप बदलतात तसं काहीतरी असावं, असं मी धरून चालले. तरी आदल्या रात्री सही घ्यायला जो तरुण डॉक्टर आला त्याला मी सरळ विचारलं, ‘डॉक्टर, मला बोलता येईल ना?’ तो म्हणाला, ‘काही दिवस गळ्यात नळी असेल, मावशी. आता झोपा.’

यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच मला आजही टोचतं. त्याला माझा प्रश्न कळला होता. उत्तर त्यानं दुसऱ्याच प्रश्नाचं दिलं. फॉर्म सगळा इंग्रजीत. फुली मारलेल्या जागी मी सही केली, खाली नातेवाईक म्हणून ह्यांनी. आता लोक मला शिकवतात, ‘वाचून घ्यायचं होतंस.’ विचारलं होतं ना! उत्तर ‘झोपा’ असं मिळालं.

आयसीयूमध्ये मी शांत होते. नळी आहे म्हणून आवाज नाही, नळी निघाली की येईल, असा माझा हिशोब. वाडीतल्या एका मुलाच्या गळ्यात अपघातानंतर अशीच नळी होती. तिच्या तोंडावर बोट ठेवून तो बोलायचा, ते मी पाहिलं होतं. वॉर्डात आणल्यावर एका सकाळी सिस्टरनं गळ्यातली नळी धुवायला काढली. मी संधी साधली. भोकावर बोट दाबलं आणि ह्यांना हाक मारायला गेले. श्वासच थांबला. छाती वर-खाली होतेय, पण हवा कुठूनच जात नाही. डोळ्यांपुढे अंधार आला. सिस्टरनं माझा हात ओढून बाजूला केला आणि म्हणाली, ‘असं नका करू हो मावशी. वर रस्ताच नाही आता.’

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा मला कळलं की ह्यांना आधीपासून माहीत आहे. सिस्टरलाही कळलं असावं, कारण तिनं मला पाटी-पेन्सिल आणून दिली आणि काही न बोलता नळी पुसत उभी राहिली. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. साऱ्या हॉस्पिटलात मला खरं सांगणारी ती पहिली, आणि ते तिचं काम नव्हतं.

माझ्यावर जे केलं ते आता नीट सांगते, कारण मला ते कोणी आधी सांगितलं नव्हतं. गाठ स्वरयंत्राच्या मागे, अन्ननलिकेच्या तोंडाशी होती. स्वरयंत्र आणि अन्ननलिका तिथे एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे गाठ पुढे सरकलेली असली तर दोन्ही काढावी लागतात. श्वासनलिका वळवून गळ्याच्या खालच्या भागात कायमचं भोक पाडतात. श्वास तिथून घ्यायचा, जन्मभर. नाक-तोंडाचा फुप्फुसाशी संबंध संपला. मग गिळायला रस्ता हवा. माझी खालची अन्ननलिकाही काढली, पोट म्हणजे जठर मोकळं करून, त्याच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी सांभाळून, छातीतून वर ओढलं आणि घशाला जोडलं. म्हणजे माझ्या गळ्यात आता जठर आहे. काही जणांना लहान आतड्याचा तुकडा लावतात आणि त्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना शिवतात. काहींना मांडीची किंवा हाताची कातडी गुंडाळून नळी करतात. कोणाला काय, हे गाठ किती खाली उतरलीय त्यावर ठरतं. आतड्याचा तुकडा असा लावायची पद्धत १९५९ मध्ये अमेरिकेत सायडेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापली आणि जठर घशापर्यंत आणायची १९६० मध्ये हाँगकाँगच्या ओंग आणि ली यांनी. साठ वर्षांहून जुन्या गोष्टी. ‘तुम्हाला समजणार नाही’ असं म्हणण्याजोगं यात काय आहे? मासा साफ करणाऱ्या बाईला आतडं-जठर समजत नाही होय?

घरी आल्यावर मी पाटीवर लिहून ह्यांना विचारलं, का नाही सांगितलं. म्हणाले, ‘तू घाबारतलंस म्हणान सांगूक नाय. डॉक्टरच म्हणाले, बाईक जास्त सांगू नका.’ घाबरले असते, बरोबर आहे. पण घाबरायला मला वेळ मिळाला असता. आवाज होता तोवर लेकीशी बोलून घेतलं असतं, फोनमध्ये चार वाक्यं भरून ठेवली असती. वायंगणी-तोंडवलीत सी-वर्ल्ड प्रकल्पासाठी जमीन घ्यायचं चाललं होतं तेव्हा हाच माणूस ‘आमका इचारल्याशिवाय मोजणी नाय’ म्हणत उभा होता. जमिनीला जो हक्क आहे तो बायकोच्या गळ्याला नाही.

वकिली करणारी माझी भाची नंतर सांगत होती. सुप्रीम कोर्टानं १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निकाल दिलाय. त्यात पेशंटला तपासणीसाठी भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. कोर्ट म्हणालं, पेशंट सज्ञान असताना आणि जिवावरचा प्रसंग नसताना आईची संमती चालणार नाही. आणि नुसती सही पुरत नाही. काय करणार, का करणार, दुसरा पर्याय काय आणि धोका काय, हे पेशंटला पुरेसं सांगावं लागतं. हे मला सहीच्या आदल्या दिवशी ठाऊक हवं होतं. आता तुम्हाला ठाऊक झालं.

पुढे परळच्या टाटा हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायला गेले तेव्हा आणखी एक कळलं. अन्ननलिकेच्या या वरच्या भागात कॅन्सर असला तर पुष्कळदा आधी शेक आणि केमो एकत्र देऊन बघतात, कारण ऑपरेशनमध्ये आवाज जातो. हे ऐकून माझ्या अंगाचा भडका उडाला. तिथल्या डॉक्टरांनी जुना सीटी बघून शांतपणे सांगितलं, तुमच्या गाठीनं स्वरयंत्राची कूर्चा खाल्ली होती, आम्हीही बहुतेक ऑपरेशनच सांगितलं असतं. म्हणजे निकाल तोच लागला असता. ह्यांना त्यामुळे हायसं वाटलं. मला नाही. निकाल तोच असला तरी तो माझ्या तोंडावर सांगायला नको होता का?

दुसरं मत ऑपरेशनच्या आधी घ्या. सिंधुदुर्गातून मुंबई लांब वाटते, पण रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण भाडं माफ आहे आणि सोबत्यालाही मोठी सवलत आहे. हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म मागून घ्यायचा. तो आपणहून कोणी देत नाही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाच्या पेशंटांची तिथे सोय होते. रेशनकार्ड आणि आधार कायम पिशवीत ठेवा आणि हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का, हे भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राला विचारा.

आता ऑक्सिजनची गोष्ट. ही वाचून तरी कोणाचा जीव वाचो. घरी आल्यावर एका रात्री भोकात कफाची सुकी खपली अडकली. नाकातून हवा गेली की ती ओली आणि गरम होऊन आत जाते. आम्हा भोकवाल्यांना ती सोय नाही, त्यामुळे कफ सुकतो. मला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मुलानं धावत येऊन ऑक्सिजनचा मास्क माझ्या नाका-तोंडावर बसवला. मी तो ओढून गळ्याकडे नेते, तो पुन्हा तोंडावर लावतो. ‘मावशी, मास्क काढायचा नाही!’ म्हणून त्यानं माझे दोन्ही हात धरून ठेवले. गळ्याचं भोक त्याच्या नाकासमोर होतं, शिट्टीसारखं वाजत होतं. मला ओरडता येत नव्हतं. शेवटी ह्यांनी त्याला बाजूला ढकललं आणि मास्क भोकावर धरला. त्या एका कामासाठी ह्यांना मी बरंच माफ केलंय. नंतर तो मुलगा मला म्हणतो, ‘आधी सांगायचं ना.’

तेव्हापासून मंगळसूत्राबरोबर प्लास्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी गळ्यात असते: ‘मी गळ्याच्या भोकातून श्वास घेते. ऑक्सिजन इथेच द्या. नाका-तोंडातून हवा जात नाही.’ मराठीत एक आणि इंग्रजीत एक. जवळच्या दवाखान्यात आणि १०८ च्या गाडीवाल्यांना बरं असतानाच जाऊन भोक दाखवून या. लाजायचं नाही. भोकावर ओलसर जाळीचं फडकं बांधा, मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे थेंब किंवा वाफ डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. आमच्या किनाऱ्यावर वारा सुटला की वाळू उडते. फडक्याशिवाय पुळणीवर पाऊल टाकायचं नाही. पाण्यात तर उतरायचंच नाही. गुडघाभर पाण्यात पडलं तरी भोकातून पाणी थेट फुप्फुसात. अंघोळीला तांब्या खांद्याखालीच ओतायचा.

फुंकर मारता येत नाही. चूल फुंकणीनं पेटवता येत नाही, चहा निववता येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही. मला एकानं ‘अडचणीला गळ्यात शिट्टी ठेवा’ असा सल्ला दिला होता, त्याला नमस्कार. घंटी ठेवा. फोनवर मिस्ड कॉल म्हणजे ‘ये’, असं शेजारी ठरवून ठेवा. वासही जातो, कारण नाकातून हवाच जात नाही. बांगडा नासलाय की ताजा हे मी आता कल्ले बघून ठरवते. पण गॅस गळत असला तर? स्वयंपाकघरात दुसरं माणूस असेल तेव्हाच शेगडी पेटवा, झोपण्याआधी सिलिंडरचं बटण बंद, आणि जमलं तर गॅस ओळखणारा अलार्म बसवा. हे मला कोणत्याही डॉक्टरनं सांगितलं नाही. एकदा लेक धावत येऊन बटण बंद करताना ओरडली, तेव्हा समजलं.

जेवणाचं सांगते. सुरुवातीला पोटात घातलेल्या नळीतून आहार, तोंडानं थेंबही नाही. जोड जमलाय का हे औषध पाजून, फोटो काढून बघतात, मगच पाणी. या काळात ‘एक घोट शहाळ्याचं काय होतंय’ म्हणणारे नातेवाईक येतात. त्यांना खोलीबाहेर ठेवा. जोड गळला तर मानेत पू होतो. पुढे मला उकड्या तांदळाची पेज लाभली. भरपूर एकदम नाही, थोडं-थोडं, दिवसातून पुष्कळ वेळा. पाणी जेवणाबरोबर नाही, मागाहून. गोड जपून. गणपतीत एक मोदक खाल्ला आणि छाती धडधडायला लागली, घामानं भिजले, जुलाब लागले. जठर वर ओढल्यावर अन्न आतड्यात भसकन उतरतं, त्यातून हे होतं. काट्याचे मासे नको. मोरीसारखा बिनकाट्याचा मासा कुस्करून चालतो. खाली वाकलं की खाल्लेलं आंबट होऊन तोंडात येतं, म्हणून आडाळ्यावर बसून मासे कापणं बंद. ओट्यावर उभं राहून सुरीनं कापते. झोपताना नुसती उशी उंच करून भागत नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली चिऱ्याचे तुकडे द्या. काही महिन्यांनी गिळणं पुन्हा अडायला लागलं तर गाठ परत आली म्हणून रडत बसू नका. पुष्कळदा जोड आकसलेला असतो आणि दुर्बिणीतून तो रुंद करता येतो. पण दाखवा लगेच.

बोटांना मुंग्या येणं, हात वाकडे होऊन आखडणं याला ‘अशक्तपणा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. या ऑपरेशनात थायरॉइड आणि तिच्यामागच्या कॅल्शियमच्या बारीक ग्रंथी जाऊ शकतात. रक्तातलं कॅल्शियम त्याच दिवशी तपासा. थायरॉइडची गोळी, लोह आणि बी-१२ यांचंही विचारत राहा. बाकी मन खंबीर ठेवा, सकस आहार घ्या वगैरे सगळे सांगतातच. मीही सांगते.

आवाजाचे मार्ग आहेत, तेही मला उशिरा कळले. गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र मिळतं, आवाज खरखरीत येतो. दुसरं म्हणजे श्वासनलिका आणि नवी अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवतात. जठराच्या अन्ननलिकेतून येणारा आवाज बारीक आणि ओला असतो, पण माणसाचा असतो. झडप कायमची नाही, गळायला लागली की बदलावी लागते, म्हणजे पुन्हा प्रवास आणि खर्च. परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात. बंगळूरचे डॉ. विशाल राव यांनी ‘ओम’ नावाची पन्नासेक रुपयांची झडप तयार केलीय. आपल्याला कोणती चालेल, हे ऑपरेशनआधीच विचारायचं.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेले तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, ‘हात-पाय तर ठीक आहेत, काय अडचण आहे?’ उत्तर द्यायला आवाज हवा होता! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात वाचादोषाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढल्यामुळे आलेलं कायमचं अपंगत्व नावानिशी लिहिलंय. त्या पानाची झेरॉक्स घेऊन दुसऱ्यांदा गेले, टेबलावर ठेवली आणि बोट दाखवलं. काम झालं. तुम्ही पहिल्यांदाच झेरॉक्स घेऊन जा.

गाठ पूर्ण निघेल का, हे सगळेच विचारतात. त्याच्याबरोबर हेही विचारा. गिळायला नळी कशाची करणार? स्वरयंत्र राहणार का, आणि नाही तर का? आधी शेक-केमो देता येईल का? श्वास कुठून घेणार, किती दिवस की कायमचा? बोलण्यासाठी नंतर काय करणार? हे पेशंटनं स्वतः विचारायचं, मराठीत, नातेवाईक खोलीत असताना. उत्तरं कागदावर लिहून घ्यायची आणि मगच सही. ‘घाई आहे, उद्या ऑपरेशन’ म्हणाले तरी डगमगू नका. श्वास कोंडत असला तर गोष्ट वेगळी. एरवी, बायोप्सीचा रिपोर्ट यायची आणि खाट मिळायची वाट बघत मी किती दिवस बसून होते, तेव्हा कोणालाच घाई नव्हती. माझ्या एका प्रश्नाला पाच मिनिटं द्यायची वेळ आली, तेव्हाच काय ती रात्र झाली होती.